दुबळ्या आरोग्यव्यवस्थेचा कर कोण भरतो?

पेण तालुक्यातील जोहे हे गाव गणेशमूर्तींसाठी महाराष्ट्राला ठाऊक आहे. जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात घराला लागूनच कारखाना असतो आणि कारखान्याच्या दिनक्रमावरच घराचा दिनक्रम चालतो. साचे, काथ्या, प्लॅस्टरची पोती, रंगाचे डबे आणि सर्वांवर पसरलेली पांढरी भुकटी अशा वातावरणात स्त्री-पुरुष जवळजवळ वर्षभर राबतात. या श्रमाचे मोल मात्र भाद्रपदापूर्वीच्या थोड्या आठवड्यांत हाती येते. तोवर कर्ज काढून माल भरायचा, मजुरी भागवायची आणि मूर्ती गेल्यावर हिशेब मिटवायचा, असा हा व्यवसाय आहे.

२०२० साली या हिशेबाची पानेच फाटली. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता देशाला सांगण्यात आले की मध्यरात्रीपासून सर्व व्यवहार बंद. मजूर आपापल्या गावी गेले, वाहतूक थांबली, कच्चा माल मिळेना. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यातील हजारो घरांची छपरे उडवून गेले. जुलैमध्ये राज्य शासनाचे परिपत्रक निघाले : सार्वजनिक मूर्ती चार फुटांपेक्षा आणि घरगुती मूर्ती दोन फुटांपेक्षा उंच असू नये. ज्या कारागिरांनी हिवाळ्यापासून मोठ्या मूर्ती घडवून ठेवल्या होत्या, त्यांचे भांडवल आणि श्रम दोन्ही कारखान्यातच अडकून पडले.

या सर्व आपत्तीला ‘कोरोनाचे संकट’ असे नाव देऊन प्रस्थापित मंडळी मोकळी झाली. जणू एक अदृश्य विषाणू आला, त्याने नुकसान केले आणि तो निघून गेला! या विवेचनात एक मोठी लबाडी दडलेली आहे. विषाणूने माणसे आजारी पडली आणि मृत्यू पावली, हे खरे. परंतु जोह्याचा कारखाना विषाणूने बंद केला नाही. तो शासनाच्या आदेशाने बंद झाला. तो आदेश काढावा लागला, कारण तपासणीची साधने नव्हती, खाटा नव्हत्या, प्राणवायू नव्हता, परिचारिका नव्हत्या. टाळेबंदी अनावश्यक होती असा याचा अर्थ नाही. व्यवस्था उभी करण्यास अवधी मिळावा म्हणून तिचे समर्थन करण्यात आले, आणि ते समर्थनच गुन्ह्याची कबुली आहे. जी व्यवस्था सत्तर वर्षांत उभी राहिली नाही, ती उभी करण्यासाठी काही आठवडे हवे होते, आणि त्या आठवड्यांची किंमत हातावर पोट असलेल्यांनी मोजावी असे ठरले.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर टाळेबंदी हा दुबळ्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने वसूल केलेला कर होय. हा कर कोणत्याही विधिमंडळाने संमत केला नव्हता. उत्पन्नाच्या प्रमाणात तो आकारला गेला नाही. उलट ज्याचे उत्पन्न जितके कमी आणि अनिश्चित, तितका त्याच्यावरील बोजा अधिक. वेतनभोगी वर्ग घरी बसून पगार घेत राहिला, मोठ्या भांडवलाला तर शेअरबाजाराने त्याच वर्षात भरपाई करून दिली, आणि कर भरला तो जोह्याच्या कारागिराने, वीटभट्टीवरच्या कातकऱ्याने आणि पायी निघालेल्या मजुराने. आरोग्यावर खर्च न केल्याने पैसा वाचतो, या समजाचा यापेक्षा निर्णायक पराभव कोणता असू शकेल? पैसा वाचला नाहीच. तो दुसऱ्या दाराने आणि दुसऱ्यांच्या खिशातून वसूल झाला.

कायदा पोलिसांचा, सेवा सावित्रीबाईंची

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. हा कायदा १८९७ सालचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा घाबरलेल्या ब्रिटिश सरकारने काही कलमांचा हा कायदा घाईघाईने केला. घरात शिरण्याचे, प्रवाशांना अडवण्याचे, आज्ञाभंगाबद्दल शिक्षा करण्याचे अधिकार त्याने सरकारला दिले. आजारी माणसाला उपचार मिळण्याचा कोणताही अधिकार त्याने दिला नाही. त्याच साली, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगाने अंत झाला. साथीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी त्या एका वर्षात महाराष्ट्राने पाहिल्या. एका दृष्टीने रोगी हा संशयित होता, दुसऱ्या दृष्टीने तो सेवेचा हक्कदार होता. स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांनी १२३ वर्षांनंतर कोणती दृष्टी वारसा म्हणून उचलली, हे रस्त्यावर काठ्या खाल्लेल्यांना सांगावे लागणार नाही.

दुसरा वारसा उपलब्ध नव्हता असे नाही. काँग्रेसने १९३८ साली नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीची आरोग्यविषयक उपसमिती कर्नल साहेबसिंग सोखी यांच्या अध्यक्षतेखाली काम करीत होती. सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक. दर हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा, ही त्या उपसमितीची शिफारस. १९४६ साली भोर समितीने सांगितले की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारापासून वंचित राहता कामा नये, आणि त्यासाठी खेड्यापासून जिल्ह्यापर्यंत आरोग्य केंद्रांची साखळी उभी केली पाहिजे. ज्या युद्धजर्जर ब्रिटनच्या राजवटीत ही समिती नेमली गेली, त्या ब्रिटनने १९४८ साली आपल्या नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. भारतात भोर समितीचा अहवाल संदर्भग्रंथ झाला.

हजारामागे एक आरोग्यसेवक ही कल्पना अखेर २००५ साली ‘आशा’ या नावाने अवतरली. पण ती कशी? सेविकेला कर्मचारी म्हणायचे नाही, वेतन म्हणायचे नाही, ‘मोबदला’ म्हणायचे. करोनाच्या काळात घरोघर जाऊन ताप मोजणारी हीच स्त्री होती. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. आणि २०२३-२४ च्या हिवाळ्यात याच सन्मानित स्त्रिया, जाहीर झालेल्या वाढीचा शासन निर्णय काढा एवढ्या मागणीसाठी, मुंबईच्या आझाद मैदानात रात्री काढीत होत्या. सन्मान जगाने करायचा आणि शोषण शासनाने करायचे, अशी ही श्रमविभागणी आहे!

विम्याचे मृगजळ

या टीकेला शासनाचे ठरलेले उत्तर असते : विमा योजना आहे ना! महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना २०२३ साली सर्व कुटुंबांना खुली झाली आणि तिचे कवच दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आले. शस्त्रक्रियेच्या प्रसंगी गरीब कुटुंबाला तिचा आधार होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा आधार कोठे सुरू होतो? माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावर. ताप आला, खोकला पंधरा दिवस जात नाही, गर्भवतीच्या अंगात रक्त नाही, विहिरीचे पाणी दूषित आहे, या कोणत्याही गोष्टीला ते कार्ड चालत नाही. साथ मात्र नेमकी येथूनच सुरू होते. पाच लाखांचे कवच खिशात असलेला माणूस उपकेंद्र बंद असल्यामुळे पाच दिवस घरी राहतो आणि त्या पाच दिवसांत रोग वस्तीभर पसरतो. विमा हा आगीनंतरच्या भरपाईचा करार असतो. त्याने आग विझत नाही आणि लागायचीही थांबत नाही.

केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवा ही बाजारातील इतर मालासारखी नसते. आजार केव्हा येईल हे ठाऊक नसते, उपचार योग्य आहे की नाही हे ग्राहकाला कळत नाही, आणि विकणाऱ्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. अ‍ॅरो काही समाजवादी क्रांतिकारक नव्हते. बाजारव्यवस्थेच्या सिद्धान्ताचे ते अग्रगण्य पंडित. साथीच्या रोगात तर आणखी एक गोष्ट येते. शेजाऱ्याचा उपचार हा आपलाही बचाव असतो. अशा वस्तूला बाजार कधीच पुरेशी मागणी दाखवीत नाही, आणि म्हणून ती समाजानेच निर्माण करावी लागते. दिवाबत्ती आणि सांडपाणी खाजगी ग्राहकावर सोपवता येत नाही, तसेच हे आहे.

खाजगी क्षेत्र अधिक कार्यक्षम असते, हा दुसरा मंत्र. मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाला खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा ताब्यात घेण्याचा आणि दर बांधून देण्याचा आदेश काढावा लागला. साध्या कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता कक्षासाठी ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० असे ते दर होते. कार्यक्षमता एवढी उतू जात होती, तर हा आदेश का काढावा लागला? पुढील वर्षी, १ मे २०२१ पासून, तरुणांच्या लसीची जबाबदारी केंद्राने राज्यांवर आणि बाजारावर टाकली. एकाच कारखान्यातील एकाच कुपीला केंद्रासाठी एक दर, राज्यांसाठी दुसरा आणि खाजगी रुग्णालयांसाठी तिसरा! दोन महिनेही हे धोरण टिकले नाही. २१ जूनपासून केंद्राला पुन्हा मोफत लस द्यावी लागली. बाजार अपयशी ठरला हे कबूल न करता बाजार बाजूला सारण्यात आला.

बिरवाडीचा धडा

‘सरकारी दवाखान्यात जातो कोण?’ असा कुत्सित प्रश्न शहरी सुखवस्तू वर्ग विचारतो. त्याचे उत्तर रायगड जिल्ह्यातच आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने कोकणातील धडधाकट माणसे आणि मुले दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस बसून लक्षणे टिपली, त्यावरील निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकाने छापला, आणि पुढे पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयातील कामातून प्राझोसिन हे रक्तदाबावरील स्वस्त औषध या दंशावर गुणकारी असल्याचे त्यांनी सिद्ध केले. शंभरांत तीस-चाळीस मृत्यू होत असत, तेथे ते एक-दोनांवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या कथेचा गौरव व्यक्तीचा म्हणून पुष्कळ झाला आहे. तिचा सामाजिक अर्थ मात्र दुर्लक्षित राहिला. खेड्यातील सरकारी केंद्रात पूर्णवेळ राहणारा डॉक्टर, रोज येणारे रुग्ण आणि नोंद ठेवण्याची शिस्त, एवढ्या सामग्रीवर जगाला उपयोगी पडणारे ज्ञान निर्माण झाले. ही सामग्री प्रत्येक केंद्राला का मिळू नये? अकरा महिन्यांच्या करारावर आलेला, पुढच्या नेमणुकीच्या चिंतेत असलेला डॉक्टर कोणत्या रोगाचा माग काढणार? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने खाजगी कंपन्यांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा निर्णय काढला. तरुणांच्या संतापामुळे तो ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, प्रवृत्ती गेलेली नाही.

या दोन घटनांच्या मध्येच नांदेड घडले. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत तेथील शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. रुग्ण शेवटच्या अवस्थेत आले होते, असा खुलासा करण्यात आला. तो खरा मानला तरी प्रश्न उरतोच : आधीच्या सर्व अवस्थांमध्ये त्यांना पाहणारे कोण होते? खालच्या पायऱ्या मोडलेल्या असतात तेव्हा वरच्या पायरीवर प्रेते जमा होतात.

उलट उदाहरण केरळचे. मे २०१८ मध्ये कोळिकोड परिसरात निपाह हा प्राणघातक विषाणू अवतरला. एकाच कुटुंबातील दुसऱ्या रुग्णावरून संशय घेतला गेला, दिवसांत निदान झाले, संपर्कात आलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांचा माग काढण्यात आला. १७ जण दगावले, पण साथ दोन महिन्यांच्या आत आटोक्यात आली आणि राज्याला कुलूप लावावे लागले नाही. माग काढणारी माणसे त्या आठवड्यात भरती केलेली नव्हती. ती वर्षानुवर्षे पंचायतींशी जोडलेल्या आरोग्य केंद्रांत काम करीत होती. साथीच्या दिवशी जी व्यवस्था कामाला येते, ती साथ नसलेल्या दिवसांत उभी केलेली असते.

पाणी आणि भुकटी

सार्वजनिक आरोग्य म्हणजे केवळ दवाखाना नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. पेण तालुक्यातच हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातील खारेपाटाच्या गावांत उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. ज्या जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क मानवी हक्क म्हणून उच्चारला गेला, त्या जिल्ह्यात जवळजवळ शंभर वर्षांनंतर पाणी कोणाचे हा प्रश्न ऐपतीवर सुटतो. कावीळ आणि हगवण यांचे मूळ त्या रिकाम्या हंड्यात असते. औषधाची गोळी हा त्याचा शेवटचा उपाय.

आणि जोह्यातील ती पांढरी भुकटी? प्लॅस्टरच्या मूर्तींवर न्यायालयात बराच काळ वाद झाला. २०२५ सालीही मुंबई उच्च न्यायालयात तो गाजला. तो वाद नदी आणि समुद्र यांच्या आरोग्याचा होता, आणि तो योग्यच होता. परंतु जो कामगार ती भुकटी दिवसभर श्वासातून घेतो आणि फवाऱ्याने रंग मारताना नाकाला फडके बांधतो, त्याच्या छातीची तपासणी कोणी केली काय? १९४८ च्या कारखाना अधिनियमाने यंत्रशक्ती वापरणाऱ्या आस्थापनेसाठी दहा कामगारांची रेषा आखली होती. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती वीसवर नेली. म्हणजे घरालगतच्या लहान कारखान्यातील माणूस कायद्याच्या दृष्टीपासून आणखी दूर ढकलला गेला. ज्याची फुप्फुसे आधीच शिणलेली आहेत, त्याच्यावर श्वसनाची पुढची साथ अधिक क्रूरपणे कोसळणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पैसा कोठून आणायचा?

शेवटी हा प्रश्न येतोच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने वचन दिले होते की सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर जाईल आणि राज्ये आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करतील. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये, म्हणजे महासाथीच्या ऐन वर्षातही, हा खर्च १.८४ टक्के होता; आणि देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भाग कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केला. तेव्हा पैसा नाही असे नव्हे. पैसा खर्च होतच आहे. तो आजारी माणसाकडून, आजारपणाच्या दिवशी, दागिना गहाण ठेवून घेतला जातो. प्रश्न एवढाच आहे की हाच पैसा निरोगी दिवसांत, ऐपतीच्या प्रमाणात, कराच्या रूपाने घ्यायचा की नाही.

महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर येथे रोजगार हमी योजना रुजली आणि १९७९ मध्ये तिला कायद्याचे बळ मिळाले. त्यासाठी शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवला गेला आणि करातून जमेल तेवढीच भर शासनाने घालावी असे ठरले. शहराने खेड्याच्या कामाच्या हक्काची किंमत दिली, आणि त्यामुळे शहर बुडाले नाही. कामाच्या हक्कासाठी जे करता आले, ते आरोग्याच्या हक्कासाठी का करता येऊ नये? राजस्थानने २०२३ साली आरोग्य हक्काचा कायदा केला. रोजगार हमीचा पाळणा जेथे हलला, त्या महाराष्ट्राने मागे का राहावे?

कार्यकर्त्यांचे काम

मागण्या अवघड नाहीत. आरोग्याच्या प्रत्येक मंजूर पदावर कायम नेमणूक. आशांना कर्मचाऱ्याचा दर्जा आणि वेतन. १८९७ च्या कायद्याच्या जागी उपचाराचा हक्क देणारा कायदा. धरणाच्या पाण्यावर प्रथम त्या तालुक्यातील घशांचा हक्क. मूर्तिकामगारांसारख्या असंघटित श्रमिकांची दरवर्षी मोफत छातीतपासणी. आणि या सर्वांसाठी स्वतंत्र कर व निधी.

परंतु मागणीपत्र देऊन फोटो काढण्याने हे होणार नाही. परिवर्तनवादी चळवळीनेही आत्मपरीक्षण करावे. रक्तदान शिबिरे, चष्मेवाटप, रुग्णवाहिकेचे लोकार्पण यांत कार्यकर्ते इतके रमले की शासनाने जे करायला हवे ते आपण दान म्हणून करतो आहोत, याचा त्यांना विसर पडला. दानाने हक्काची जागा घेतली की शासन सुटते.

रायगडच्या मातीत दुसरी परंपरा आहे. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमीन पडीक ठेवून खोतांशी झुंज दिली. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील, हेटवण्याच्याच लाभक्षेत्रातील, २२ गावांनी विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर मतदान केले. आपल्या जमिनीचे काय व्हावे हे विचारण्यास शासनाला भाग पाडणारी ही गावे आपल्या आरोग्याचे काय चालले आहे, हे विचारू शकणार नाहीत काय? ग्रामसभेत आरोग्य केंद्राची हजेरीवही मागावी, औषधसाठ्याची यादी वाचावी, रिकाम्या पदांचा ठराव करून तो जिल्हा परिषदेच्या दारात न्यावा. एका गावाने केले तर तो अर्ज ठरेल. तालुक्याने केले तर ते आंदोलन होईल.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आली म्हणजे बिल कोणाच्या नावावर फाडले जाईल, हे मात्र आजच सांगता येते. जोह्याच्या कारखान्यात पुन्हा मूर्ती घडत आहेत आणि पुन्हा कर्जे काढली जात आहेत. ते बिल पुन्हा त्यांच्या नावावर फाडू द्यायचे नसेल, तर लढाई साथीच्या दिवशी नव्हे, आजच्या निरोगी दिवशी उभी राहिली पाहिजे.